अँटेना आबा

मालवण तालुक्यात ज्या वाडीत मोबाइलला धड रेंज नाही, त्या वाडीत हा माणूस असतोच. कुठे त्याला तात्या म्हणतात, कुठे अण्णा. वय सत्तरीच्या आगेमागे, अंगात बंडी, बंडीच्या खिशात टेस्टर, आणि जगातली निम्मी दुखणी लहरी नीट न पोचल्यामुळे होतात यावर गाढ श्रद्धा. सर्जेकोटच्या अलीकडे आमच्या वाडीत जो नमुना आहे, त्याला आम्ही अँटेना आबा म्हणतो. तोंडावर अर्थात नुसतं आबा.

रेंजची तक्रार घेऊन जाणाऱ्या नवख्याला वाटतं, आबा काहीतरी करतील. जुनी माणसं असल्या आशेवर जात नाहीत. ती चहाच्या वेळेला जातात. कारण आबा तुमचा फोन हातात घेतात, उलटासुलटा करतात, परत देतात आणि विचारतात, "लहर किती सेंटिमीटरची, ठाव आसा?" ठाऊक नसतं. "वायफायची साडेबारा. जिची लांबी म्हायत नाय, तिका पकडतलंस कशी?" तक्रार वायफायची नव्हतीच, हे सांगायला जागा मिळत नाही, कारण तोवर आबांनी कोळसा उचललेला असतो आणि पडवीच्या भिंतीवर एक वर्तुळ काढलेलं असतं. काकू दर दिवाळीला ती भिंत सारवल्यासारखी चुन्याने रंगवून घेतात. तुळशीच्या लग्नापर्यंत परत वर्तुळं.

स्वतः आबांकडे बटनांचा फोन आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेला असतो आणि वाजला तर काकू उचलतात.

एक मात्र कबूल करायला हवं. वाडीत कुठे उभं राहिलं की काय मिळतं, याचा नकाशा फक्त आबांच्या डोक्यात आहे. एका कंपनीची रेंज विहिरीच्या कठड्यावर, तीही किल्ल्याकडे पाठ केली तर. दुसरीची गोठ्यामागे, गाय बाहेर असेल तेव्हा. दुकानदाराला पैसे पाठवायचे तर तिसऱ्या माडाखाली जायचं, आणि नारळ पाडायला माणूस वर चढलेला असेल तर उधारीवर भागवायचं. पर्यटक हे सगळं थट्टेवारी नेतात आणि मग संध्याकाळी मुकाट्याने गोठ्यामागे उभे दिसतात. "गायीत पाणी असता," आबा समजावतात, "पाण्याआड लहर मरता." गायीच्या अंगावर हात फिरवत हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता असते, ती मी रेंज मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही.

आबा चाकरमानी. उभी हयात मुंबईत गेली, एका सरकारी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून. शास्त्रज्ञ कागदावर जे काढत ते आबा लेथवर काढत. लहरी वाहून नेणाऱ्या पितळी नळ्या, शिंगाच्या तोंडासारखे अँटेना, तबकड्या. केसाच्या जाडीइतकाही फरक चालायचा नाही अशी ती कामं. त्या काळाबद्दल त्यांचं एकच वाक्य वाडीला पाठ आहे: "सायंटिस्टान चूक केली तर पेपर छापून येता, टर्नरान केली तर मेमो येता." पण साहेबांच्या टेबलाशी ड्रॉइंग समजून घेता घेता आबांनी जे उचललं, ते पुष्कळ साहेबांना निवृत्तीनंतर आठवतही नसेल.

गावात त्यांची कीर्ती निवृत्तीच्या आधीची, छपरावरची. ऐंशीच्या दशकात कोकणात टीव्ही आला तो मुंग्यांसकट. मे महिन्यात चाकरमानी उतरले की आबा कौलांवर आणि खाली अख्खं घर. "दिसता काय?" "मुंगये!" "आता?" "आवाज इलो, माणूस नाय!" असं तास तास चालायचं. ज्याच्या घरी आबा चढत, त्याच्या घरी त्या वर्षी चार कौलं फुटत आणि चित्र शेजाऱ्याकडे स्पष्ट होई. तरी पुढच्या मे महिन्यात लोक आबांनाच बोलावत, कारण मे महिन्यातच एखाद्या रात्री चमत्कार व्हायचा. दूरदर्शन गायब, आणि पडद्यावर पांढरा पायघोळ झगा घातलेला कुणी अरब गंभीरपणे बातम्या देतोय. म्हाताऱ्या बायका देवासमोर दिवा लावून बघत बसत. आबा म्हणत, "मी सेटिंग केलंय."

सेटिंग समुद्राने केलेलं असे, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. आता ते मोकळेपणाने सांगतात. हवेचा अपवर्तनांक एकापेक्षा जेमतेम तीन-साडेतीन दशसहस्रांशाने जास्त. एवढ्याशा फरकाला कोण विचारतो? पण पावसाळ्याआधीच्या गरम दिवसांत अरबी समुद्राच्या पाण्यालगत दमट हवेचा एक थर बसतो आणि त्याच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी, तापलेली हवा. वर जावं तसा तो अपवर्तनांक झपाट्याने उतरतो. लहर नेहमी जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला झुकते, म्हणून वर निघालेली लहर खाली वळते, आणि उतार पुरेसा तीव्र असेल तर पृथ्वीच्या गोलाईहूनही जास्त वळते. मग तिला क्षितिज उरत नाही. पाणी आणि कोरडी हवा यांच्यामध्ये कोंडली जाऊन ती घरंगळत पार पलीकडे पोचते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा उमटत असे, ही नोंदलेली गोष्ट आहे. पावसाळी वारा सुटला की थर ढवळले जातात आणि अरब आपल्या घरी जातो. मृगाचा पाऊस पडल्यावर आबा छपरावर चढत नसत याचं कारण शेवाळ नव्हतं.

"आमच्या हयसर आख्खो दर्या भिंग आसा," ते म्हणतात. "काचेच्या भिंगाक बाक लागता. ह्या भिंगाक बाक नको. आतल्या आत माल बदलत गेलो पायजे, बस."

हा माल बदलत जाण्याचा विषय निघाला की आबा स्वयंपाकघरात शिरतात. तिथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काकू सुरमईच्या डोक्याची कढी करायच्या बेतात होत्या. तिरफळं ठेचून झाली होती, वाटण तयार होतं. आबांनी डोकं उचललं, सुरीच्या टोकाने डोळ्यातून वाटाण्याएवढी एक गोळी अलगद काढली, पाण्यात खळबळली आणि पडवीत आणून पेपरवर ठेवली. पेपर निधनवार्तांच्या पानावर उघडलेला होता, कोकणात तो तिथेच उघडतात. गोळी स्वच्छ, पारदर्शक, दवाच्या थेंबासारखी. तिच्याखालचं अक्षर चांगलं दुप्पट दिसत होतं. "बघ. मेलेल्याक पण मोठो करता," आबा म्हणाले. मग त्यांनी ती माझ्या बोटांत दिली. वरचा थर जेलीसारखा निसटता. जरा दाबलं की आत घट्ट लागतं. आणि अगदी मध्ये कठीण मणी, नखाला दाद न देणारा. शिजवल्यावर हाच मणी पांढरा खडू होतो आणि आपण तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

पाण्यात डोळे उघडले की आपल्याला सगळं धूसर दिसतं. तारकर्लीला बुडी मारायला येणाऱ्यांना चष्मा का बांधतात ते त्यामुळे. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम बाहेरचं बुबुळावरचं पटल करतं, आणि पाण्यात ते निकामी होतं, कारण त्याचा आणि पाण्याचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा. मासा जन्मभर पाण्यात. त्याचा सगळा भार आतल्या गोळीवर. ती गोळी एकजिनसी असती तर एवढं काम करायला 1.67 अपवर्तनांकाचं द्रव्य लागलं असतं, आणि असलं द्रव्य कुठल्याच प्राण्याच्या अंगात नाही. शिवाय एकजिनसी गोल भिंगाची प्रतिमा कडेला फाटते. माशाने तोडगा काढला तो असा की गाभ्यात साधारण 1.52 आणि कडेला 1.38 च्या आसपास, मध्ये पायरी कुठेच नाही. मॅथिसेन नावाच्या जर्मनाने एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या माशांचे डोळे मोजले, तर भिंगाच्या त्रिज्येच्या अडीचपट अंतरावर प्रतिमा, हे प्रमाण जवळपास सगळीकडे तेच.

"आणि मॅक्सवेल," आबा म्हणाले, "विजेची नि उजेडाची गणितां जेणा एकत्र बांधली तो मॅक्सवेल, तेणा 1854 साली, बावीस-तेवीस वर्षांचो असताना असल्या भिंगाचा गणित मांडल्यान. न्हेरयेक मासो होतो, तेचो डोळो बघून सुचला म्हणतत."

ही माशाची गोष्ट खरी की मागाहून चिकटवलेली कोण जाणे, पण गणित खरं आहे. 'मॅक्सवेलचा मत्स्यनेत्र' म्हणूनच ते ओळखलं जातं. काकू दारात येऊन उभ्या होत्या, हातात पळी.

"तेचा लगीन झाला होता?"

आबांनी आठवून पाहिलं. "तेव्हा नाय. मागाहून, 1858 साली."

"मगे बरोबर," काकू म्हणाल्या, आणि एकाक्ष डोकं घेऊन आत गेल्या.

आबांचा खरा देव मात्र मॅक्सवेल नाही, लुनेबर्ग. हा जर्मनीतून अमेरिकेला गेलेला गणिती. 1944 मध्ये ब्राउन विद्यापीठात प्रकाशाच्या गणितावर त्याने व्याख्यानं दिली, त्यात हा गोळा आला. कडेला अपवर्तनांक बरोबर हवेइतका, म्हणजे 1. केंद्रात 2 चं वर्गमूळ, म्हणजे 1.41, आणि मध्ये ठरलेल्या नियमाने उतरत गेलेला. दुरून येणारी सपाट लहर अशा गोळ्यावर पडली की पलीकडच्या कडेच्या एकाच बिंदूत गोळा होते. उलटही खरं: कडेच्या बिंदूशी प्रक्षेपक ठेवा, समोरच्या बाजूने सरळ झोत निघतो. आणि गोळा सगळीकडून सारखाच असल्यामुळे प्रक्षेपक कडेकडेने सरकवला की झोत उलट बाजूला वळतो. मोठाली तबकडी गदागदा हलवायला नको. रडारवाल्यांना युद्धानंतर याचंच वेड लागलं. फोमच्या कवचात कवच बसवून गोळे झाले, हल्ली थ्री-डी प्रिंटरवर होतात. गोळ्याच्या मागच्या अर्ध्या भागाला धातूचा पत्रा मढवला तर आलेली लहर आल्या वाटेनेच परत जाते, म्हणजे छोटा गोळा रडारवर मोठा दिसतो.

या शेवटच्या मुद्द्यावर चहाच्या टपरीवर एकदा मोठी सभा झाली. अमेरिकेची एफ-35 विमानं रडारला दिसू नयेत अशी घडवलेली असतात. पण शांततेच्या काळात उडताना त्यांच्या अंगावर असले लुनेबर्गचे छोटे गोळे बसवतात, विमानतळाला विमान दिसावं म्हणून आणि त्याचं खरं पुसट रूप परक्याला मोजता येऊ नये म्हणून. आबांनी हे सांगितल्यावर बाकावर बराच वेळ शांतता होती.

"म्हणजे," एक तांडेल हिशेब जुळवत म्हणाला, "इतके कोटी घालून विमान दिसनासा केल्यानी. आणि मगे दिसाक व्हया म्हणान गोळो लावल्यानी."

"होय."

"तर आमची फायबरची होडी बरी. फुकटात दिसणा नाय. रात्रीचा जहाज येवन अंगार चढता, तरी तेका दिसणा नाय."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. फायबर आणि लाकूड रडारच्या लहरीला फारसं परतवत नाही, आणि रात्री मोठ्या जहाजाच्या वाटेत सापडलेल्या होडीला हा विनोद महाग पडतो. खरा गोळा होडीला लावायला हवा, असं त्यांचं तेव्हापासूनचं टुमणं आहे. ते बरोबरही आहे. आबांचं शास्त्र चुकल्याचं मला एकही उदाहरण देता येणार नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती पुतण्याच्या वायफायच्या वेळी वाडीने याचि देही पाहिली.

पुतण्याने समुद्राकाठी माडांत तीन खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांसाठी ठेवल्या. घराशी फायबरचं इंटरनेट आलं होतं, पण खोल्यांपर्यंत वायफाय पोचेना. पाहुणे पहिल्या दिवशी निसर्गाचं कौतुक करत आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड मागत. बाजारात हजार-दीड हजाराचा रिपीटर मिळतो. पुतण्या तो आणायला निघाला होता. वाटेत आबांचं घर लागतं.

"रिपीटर?" आबा म्हणाले. कुणी घरच्या हापूसच्या दिवसांत बाहेरून आंब्याचा रस विकत आणला, तर कोकणी माणूस ज्या सुरात बोलेल त्या सुरात. "तो फक्त वरडता. आयकलेला परत वरडता. तेच्यात अक्कल खयची?"

ठरलं की लुनेबर्ग करायचा. पूर्ण गोळा नको, त्याची मधली चकती पुरे, कारण झोत आडवाच फिरवायचा आहे. लहर साडेबारा सेंटिमीटरची, चकती तिच्या सात-आठपट तरी हवी, नाहीतर भिंग म्हणून ती काम करणारच नाही. म्हणजे जवळजवळ मीटरभर. कुडाळच्या एमआयडीसीतून पांढऱ्या पॉलिथिनचे जाड तक्ते आले, कोळणी ज्याच्यावर मासे कापतात त्या जातीचे. ते एकावर एक रचून गोल कापले. वर-खाली गॅल्व्हनाइज्डचा पत्रा, म्हणजे लहर मधल्या मध्ये कोंडलेली राहते. आणि मग भोकं. सगळी करामत भोकांत. लहरीला बोटाएवढं भोक वेगळं दिसत नाही; तिला प्लास्टिक आणि हवा यांची सरासरी तेवढी जाणवते. मध्याशी भोकं विरळ ठेवली की माल घट्ट, कडेकडे दाट पाडली की पातळ, आणि शेवटच्या काठाला प्लास्टिक नावालाच. आबांनी कंपासने वर्तुळं आखली, प्रत्येक वर्तुळावर किती भोकं ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणित करून लिहिलं, आणि सुताराला बोलावलं.

सुतार तीन दिवस भोकं पाडत होता. पहिल्या दिवशी त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पॉलिथिन वितळून ड्रिलच्या बिटाला गुंडाळलं, तेव्हाही तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी खळ्यात पांढरा भुसा पसरला होता, कोंबड्या त्यात चोच मारून फसत होत्या, आणि त्याचा धीर सुटला.

"आबानू, ह्या चाळणीतसून चाळूचा काय?"

"इंटरनेट."

त्याने मजुरी आगाऊ मागितली.

चकती माडाच्या दोन खांबांवर आडवी चढवली आणि काठाशी राउटर ठेवला. आबांनी बटनांचा फोन खुंटीवरच ठेवला आणि पुतण्याला समोर पिटाळलं. आता सांगायची गोष्ट अशी की भिंग चाललं. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना चार-चार अंशांचा सडसडीत झोत निघाला, आणि मधल्या खोलीत पाचही काड्या भरल्या. डावीकडच्या खोलीत शून्य. उजवीकडच्या खोलीत शून्य, कारण झोताच्या बाहेर काही गळतच नव्हतं. पूर्वी त्या दोन खोल्यांत निदान एक काडी तरी यायची.

"बघितलंस? सांडणा नाय," आबा म्हणाले.

"आबा, पण पावणे तिनय खोलयांत आसत."

"मगे राउटर सरकव. तेच्यासाठीच तर लुनेबर्ग."

त्या हंगामात पुतण्याने एक पोरगा ठेवला. त्याचं काम चकतीपाशी स्टुलावर बसायचं. डावीकडून हाक आली की राउटर काठाने उजवीकडे सरकवायचा, उजवीकडून आली की डावीकडे. जगातल्या मोठमोठ्या रडारांत जे काम इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाच्या हजाराव्या भागात करतात, ते आमच्याकडे तो पोरगा शेंगदाणे खात करायचा. पाहुण्यांची भांडणं लागली. मधल्या खोलीतल्या एका पुणेकरांनी पोराला वीस रुपये देऊन राउटर दीड तास जाग्यावरच ठेवून घेतला, आणि डावीकडच्यांची ऑफिसची मीटिंग भर वाक्यात तुटली.

पुतण्याने शेवटी रिपीटर आणला. आबांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं, खोल्यांतून फिरून आले आणि म्हणाले, "चालता. पण तेच्यात बघूक काय नाय."

चकती तशीच राहिली, राउटर मधल्या जागी तसाच. आणि वाडीच्या लक्षात यायला चार दिवस गेले की मधल्या खोलीच्या खिडकीतून आरपार गेलेला झोत पुढे पाण्यावर निघून गेला होता, जिथे होड्या नांगरून असतात. समुद्रावर माड नाहीत, चिऱ्याच्या भिंती नाहीत, गायी नाहीत. टपरीवर हिशेब मांडणारा तो तांडेल जाळी विणत होडीवर बसायचा. त्याच्या मोबाइलवर एक दिवस पुतण्याच्या जागेचं नाव आपोआप उमटलं, आणि पासवर्ड काय असणार, तर गावच्या देवीचं नाव. त्या संध्याकाळपासून होडीवर माणसं जास्त आणि किनाऱ्यावर कमी, असा प्रकार सुरू झाला.

दरम्यान आबांनी विषय पुढे नेला होता. पॉलिथिन महाग, भोकांना सुतार पुन्हा मिळणार नाही, तर माल वापरायचाच नाही असं भिंग करू. हे ऐकायला आबांच्या आवडत्या थापेसारखं वाटतं, पण तेही खरं आहे. 1948 मध्ये राइनहार्ट नावाच्या अमेरिकी गणित्याने दाखवलं की दोन धातूचे पत्रे एकमेकांपासून सारख्या अंतरावर ठेवून टोपीसारखे वाकवले, तर मधल्या हवेतून जाणारी लहर त्या बाकावरून जवळात जवळची वाट धरते, आणि टोपीचा आकार नेमका साधला की काम हुबेहूब लुनेबर्गच्या चकतीचं होतं. आबांनी मुंबईला असली टोपी लेथवर काढलेली आहे, अॅल्युमिनियमची, टोपीत टोपी, मधली फट चहूकडे सारखी. तेवढ्या एका कामाबद्दल ते हळू आवाजात बोलतात.

"प्लास्टिकात मधली लहर सावकाश चलता, म्हणान कडेची तिका गाठता," त्यांनी मला समजावलं. "हयसर सगळ्यो एकाच येगान चलतत. पण मधून जातली तिका घाट चढूचो लागता, कडेन जातली ती सपाट रस्त्यान. दोघी एकदमच पोचतत."

हे दाखवायला त्यांना मोठी बाकदार वस्तू हवी होती. देवळात महाप्रसादाच्या भांड्यांत दोन कढया आहेत, एकीत दुसरी बसते अशा. आबांनी थोरली कढई सभामंडपात पालथी घातली, तिच्यावरून सुतळी ताणून धरली आणि जवळची वाट कशी आपोआप कडेला सरते ते मला दाखवलं. सुतळी खरोखर सरकली. मी थक्क होऊन बघत होतो, तेवढ्यात देवस्थानचे मानकरी आले. कढईला फक्त दोन भोकं पाडायची आहेत, असं आबांनी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं. पुढचं गाऱ्हाणं देवीच्या समोर झालं. पहिल्यांदाच असं घडलं की सगळी वाडी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणाली आणि आबा गप्प होते.

पण असल्या माणसाचा उत्साह फार दिवस पडून राहत नाही. एका सकाळी तांडेल पडवीत हजर. हातात पिशवी, पिशवीत दोन किलोची सुरमई, डोक्यासकट. काकूंनी ती आधी ताब्यात घेतली.

"आबानू, रेंज जाता."

"कधी जाता?"

"तसा काय नेम नाय. काल दुपारी नव्हती, आज सकाळी फस्टक्लास. गेल्या आठवड्यात सांजची गेली ती रात्री इली."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी विचारलं, पाणी कुठे होतं? तांडेलाला कळायला वेळ लागला नाही. गेली तेव्हा भरतीच होती, दोन्ही वेळा. झोताचा एक भाग सरळ होडीकडे जातो आणि एक पाण्यावर आपटून. दोन्ही एकमेकांना खोडतात. चकती पाण्यापासून जितकी उंच तितकं खोडणं कमी. भरतीला पाणी वर येतं, चकतीची उंची तेवढी घटते, आणि लांबच्या होडीपर्यंतचं बळ झपाट्याने उतरतं.

"उपाय?"

"चकती वर चढव. नायतर होडी अलीकडे आण."

"अलीकडे खडप आसा."

"मगे टायमटेबल कर," आबा म्हणाले, आणि कोळसा घेऊन भिंतीकडे वळले. हे मात्र तांडेलाला शिकवायला नको होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे किनाऱ्यावरचं पोरही जाणतं. पण आबांनी चारखाने आखून पाटी मांडलीच, एका बाजूला तिथी, दुसऱ्या बाजूला रेंज.

"चतुर्थीक तीन वाजता नाय," तांडेल वाचू लागला. "अष्टमीक सहाक नाय. एकादशीक?"

"सव्वा आठ."

तांडेल थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"मगे शिरेल गेली," तो म्हणाला. "काकी, ती सुरमय वायंच हंय हाडा बघू."